क्षमता निम्मी झाली, वीज कुठे झाली?

कोणीतरी लिहिलंय की वीजनिर्मितीची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा-गॅस सोडून सौर, पवन, जल, अणू वगैरे) करायचं २०३० चं टार्गेट भारताने पाच वर्षं आधीच गाठलं, म्हणजे हवामान बदलावर आपण भरपूर करतोय. आकडा खराय, २०२५ च्या मध्यावर निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली, पण ती क्षमता झाली हो, म्हणजे प्लांट जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात ते; प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे. सोलर दुपारी धो धो देतं आणि रात्री सगळे घरी येऊन एसी लावतात तेव्हा गायब, मग चंद्रपूर-कोराडीचेच कोळशाचे संच फुल लोडवर. राजस्थानात तर दुपारची वीज वाहून न्यायला लाइनी कमी पडतात म्हणून सोलर प्लांटना उत्पादन कमी करायला सांगतात, आणि दुसरीकडे २०२४-२५ मध्ये कोळसा उत्पादन १०० कोटी टनांवर गेलं म्हणून आपणच पाठ थोपटून घेतो.

'अमेरिकेने आधी उत्सर्जन कमी करावं' असं काहीजण म्हणतात, तेही मान्य, आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन त्यांच्या मानाने किरकोळच आहे. पण उन्हात होरपळणार आपलीच माणसं ना?

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, सौर कृषी वाहिनी योजना. सबस्टेशनजवळ छोटा सोलर प्लांट टाकायचा आणि शेतीच्या फीडरला (पंपांकडे वीज नेणाऱ्या लाइनीला) दिवसा वीज द्यायची. जुन्नरकडे बिबट्याची धाकधूक घेऊन रात्री टॉर्च मारत मोटर चालू करायला जाणाऱ्याला विचारा याची किंमत, कार्बन-बिर्बन त्याच्या गावीही नसेल! शिवाय पंप दुपारीच चालला की बॅटरीची भानगडच नाही. शहरातल्या रात्रीच्या एसीचं काय करणार ते सांगा, बॅटरी स्टोरेजची टेंडरं निघतायत, पण २०७० चं नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घ्यायचं, हे भारताचं टार्गेट) या स्पीडने मला तरी अवघडच दिसतंय.