मदत हवी आहे: केमोसोबतच्या स्टिरॉइडमुळे आधी झोप उडते, मग आई एकदम गळून जाते

आईला लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, आर-चॉप नावाची केमो सुरू आहे. दर 21 दिवसांच्या सायकलमध्ये पहिले 5 दिवस प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या, रोज 100 मिलिग्रॅम, असतात. सलाइनमधल्या औषधांपेक्षा या गोळ्यांनीच ती जास्त हैराण होते, असं मला वाटतं. गोळ्या चालू असताना रात्रभर टक्क जागी, चिडचिड, मध्यरात्री कपाट आवरायला काढते (तेव्हा अडवलं तर आणखी भडकते). बंद झाल्या की अंगातलं त्राणच जातं; पाय लटपटतात, बोलायचीही इच्छा नसते.

गोळ्या सकाळीच, खाल्ल्यावर देतो. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. आधीपासून मधुमेह आहे, साखर संध्याकाळकडे चढायची. इन्सुलिनने ती आटोक्यात आहे. ताप नाही. केमोतल्या विन्क्रिस्टीन या औषधामुळे बोटांना मुंग्या येतात, ते डॉक्टरांना सांगितलंय. डोस आम्ही मनाने बदलणार नाही, घरगुती औषधंही नकोत.

पुढच्या सायकलआधी डॉक्टरांशी बोलायचं आहे. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारते: शेवटच्या गोळीनंतरच्या थकव्यासाठी डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्याने उतरवला का, की तसंच सोसावं लागलं? आणि फक्त त्या रात्रींपुरती झोपेची गोळी दिली असेल, तर दुसऱ्या दिवशी गुंगी किंवा तोल जाणं असं काही झालं का?