शब्दचर्चा: ‘ॲक्सेस पॅटर्न’ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर:
एका संख्याशास्त्रीय लेखाचं मराठीकरण चाललंय. लोक संकेतस्थळावर कधी येतात, काय उघडतात, किती वेळ रेंगाळतात याचं गणिती प्रतिमान, असा विषय. यंत्राने शीर्षक दिलं: ‘वापरकर्ता प्रवेश नमुन्यांचे सांख्यिकीय प्रतिरूपण’. वाचून दात आंबले. ॲक्सेस, पॅटर्न आणि ट्रॅफिक या तिघांसाठी शब्द सुचवा.

ओळंबा:
आधी ‘नमुना’ काढा. संख्याशास्त्रात ती जागा सॅम्पलने केव्हाच अडवली आहे (नमुना पाहणी, यादृच्छिक नमुना). तुमच्या लेखात लॉगचा (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदवहीचा) नमुना घेऊन त्यातून पॅटर्न शोधायचा असणार, म्हणजे ‘नमुन्यातला नमुना’ लिहावं लागेल. ‘आकृतिबंध’ चालला असता, पण सरकारी कागदांत तो मंजूर पदांच्या तक्त्याला चिकटलाय.

खटाटोप:
‘वहिवाट’ घ्या की! लोक एका पानावरून दुसऱ्या पानावर ज्या वाटेने वारंवार जातात ती वहिवाटच. मार्कोव्ह साखळीचं प्रतिमान तेच मोजतं: या पानावर असलेला माणूस पुढे कुठल्या पानावर जाण्याची संभाव्यता किती.

ओळंबा:
पानांच्या क्रमासाठी झकास. दिवसभरातल्या चढउताराला मात्र वहिवाट म्हणता येणार नाही. तिथे साधं ‘वापराची लय’ लिहावं.

लॉगवाला:
माझा आक्षेप ‘प्रवेश’वर. प्रवेश म्हटलं की परवानगी आली, दार आलं. सर्व्हरच्या लॉगमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक मागणी असते. एक पान उघडलं की मजकूर, चित्रं, स्क्रिप्ट अशा कितीतरी मागण्या जातात, म्हणून ओळी मोजून माणसं मोजल्यासारखं होत नाही. एकाच आयपी पत्त्याआड (जाळ्यावरच्या क्रमांकाआड) अख्खं कार्यालय असू शकतं.

शिवाय भेट कधी संपली हे लॉग सांगत नाही, कारण कोणी ‘येतो’ म्हणून निरोप घेत नाही. मग संशोधक शांततेला मर्यादा ठरवतात. 1995 मध्ये कॅटलेज आणि पिटकाव यांनी ब्राउझरमधल्या हालचाली नोंदवल्या. दोन हालचालींमधला सरासरी वेळ 9.3 मिनिटं निघाला, त्यात दीड प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) मिळवून 25.5 मिनिटांची मर्यादा आली. आज सर्रास वापरतात ती 30 मिनिटांची. म्हणजे ‘सत्र’ हीच मुळात मानलेली गोष्ट आहे आणि पुढचं सगळं प्रतिमान तिच्यावर उभं आहे. तेव्हा ‘मागणी’, ‘सत्र’ आणि ‘वापरकर्ता’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

बोरूबहाद्दर:
आणि ट्रॅफिक? मी सगळीकडे ‘रहदारी’ लिहिलंय.

लॉगवाला:
एकच शब्द दोन थरांवर, म्हणजे माणसांच्या येण्यावर आणि जाळ्यातून जाणाऱ्या पॅकेटांवर (माहितीच्या छोट्या तुकड्यांवर), पसरला की वाचक फसतो. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना दाखवलं की फोन यदृच्छेने येत असतील तर त्यांची संख्या प्वासाँ वितरण (ठरावीक सरासरी दराने, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटना किती घडतील याचं गणित) पाळते. तेच गणित पुढे संगणकजाळ्यांना लावलं गेलं. बेलकोर या अमेरिकेतल्या दूरसंचार संशोधन संस्थेत लेलँड, टाक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी ईथरनेटवरची (कार्यालयातले संगणक जोडणाऱ्या जाळ्यावरची) पॅकेटं मोजली तेव्हा ते बसेना. प्वासाँ असेल तर मोठ्या कालखंडाची बेरीज घेतल्यावर आलेख सपाट होत जायला हवा. इथे सेकंदाचा आलेख जितका खडबडीत, जवळपास तितकाच मिनिटाचाही! हाच स्वसदृशपणा. तो मोजणाऱ्या अंकाला हर्स्टचं नाव आहे, आणि हा हर्स्ट नाईलच्या पाण्याच्या नोंदी अभ्यासणारा जलशास्त्रज्ञ.

1995 मध्ये पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी गुंता सोडवला. माणसाने सुरू केलेली सत्रं, उदाहरणार्थ टेलनेटने दूरच्या संगणकावर केलेलं लॉगइन, तासागणिक दर स्थिर धरला तर प्वासाँमध्ये छान बसतात. त्यांच्या आतली पॅकेटं बसत नाहीत. म्हणून माणसांची ‘वर्दळ’ आणि पॅकेटांची ‘वाहतूक’ असे दोन शब्द ठेवा. रहदारी मला दोन्हीकडे उपरी वाटते.

खटाटोप:
‘हेवी टेल’ला ‘जड शेपूट’ चालेल ना? ‘दीर्घपुच्छ’ वाचून माकड डोळ्यांसमोर येतं.

ओळंबा:
चालेल, आणि ‘लांब शेपूट’ टाळाच. बाजारपेठेच्या चर्चेत तो शब्द कमी खपाच्या असंख्य वस्तूंसाठी रुळलाय. इथे मुद्दा वेगळा आहे: बहुतेक फाइली लहान, पण मोजक्या अवाढव्य, इतक्या की सरासरीवर भरवसा ठेवता येत नाही. क्रोव्हेला आणि बेस्टाव्रोस यांनी वेबच्या वाहतुकीतल्या स्वसदृशपणाचं मूळ मुख्यतः फाइलींच्या या आकारांत दाखवलं.

बोरूबहाद्दर:
ठीक. शीर्षक करतो ‘वेबवरील वर्दळ आणि वापराची लय: एक संख्याशास्त्रीय प्रतिमान’. वहिवाट आतल्या प्रकरणात येईल. ‘बर्स्ट’साठी ‘झुंबड’ लिहू का?

लॉगवाला:
नको. झुंबडीला बाहेरचं कारण असतं: निकाल लागला, मोठी बातमी आली, आणि माणसं येण्याचा दरच बदलला. बर्स्टला असं कारण लागत नाही. दर तोच असतानाही दोन-चार अवाढव्य फाइली एकदम निघाल्या की वाहतूक उसळते. त्याला ‘उसळी’ म्हणा, आणि ‘झुंबड’ फ्लॅश क्राउडसाठी राखून ठेवा; तुमच्या लेखात तोही येईलच.