मदत हवी आहे : थंडीत खाणे सोडणाऱ्या मगरीचे शिक्षण कसे टिकवावे?

नमस्कार.

मी बडोद्याजवळच्या एका प्राणी निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतून वस्तीत शिरलेली, सुमारे सात फुटांची एक मादी मगर आमच्याकडे आहे. पुढचा उजवा पाय निकामी झाल्याने तिला नदीत परत सोडता आले नाही, आणि त्या पायाची जखम अधूनमधून चिघळत असल्याने पशुवैद्यांना ती जवळून पाहावी लागते.

पूर्वी त्यासाठी फास टाकून, जबडा बांधून, डोळ्यांवर ओले गोणपाट घालून चार जण तिला दाबून धरत. अशा झटापटीत मगर सगळे बळ एकदम खर्च करते, रक्तात लॅक्टिक आम्ल साचते आणि सावरायला कित्येक तास लागतात. मोठ्या मगरी अशा श्रमाने दगावतातही. मलमपट्टीसाठी तिचा जीव धोक्यात घालणे मला पटेना.

म्हणून मार्चपासून जाळीआडून शिकवायला घेतले. बांबूच्या टोकाच्या पिवळ्या चेंडूला तिने नाक लावले की शिट्टी वाजवायची आणि लगेच लांब चिमट्याने मासळीचा तुकडा द्यायचा. (तिला सांभाळणारे काका ‘आव’ म्हणत आणि मी ‘ये’, आता दोघेही ‘आव’च म्हणतो.) मगरीला काय कळते, असे अनेकांनी ऐकवले, पण मद्रास क्रोकोडाइल बँक या चेन्नईजवळच्या मगर-संवर्धन केंद्रातल्या मगरी नाकावर काटक्या धरून, घरट्यासाठी काटकी उचलायला येणाऱ्या बगळ्यांना पकडण्यासाठी वाट पाहतात, अशी नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. आमची मगर आज चेंडूमागे येऊन दुखरा पाय जाळीला टेकवते आणि मिनिटभर स्थिर राहते.

अडचण पुढच्या दोन महिन्यांची आहे. गारठ्यात मगरीचे पचन मंदावते. मागच्या डिसेंबरात तिने मासळीला तोंडही लावले नव्हते, आणि बळेच भरवले तर अन्न पोटात कुजण्याची भीती असते. मग बक्षीस कशाचे द्यावे? चेंडूमागे आल्यावर उन्हाने तापलेला ओटा मोकळा करून देणे किंवा पाठीवर कोमट पाण्याची धार सोडणे, असे काही कोणी करून पाहिले आहे का? की शिकवणे थांबवून फेब्रुवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे बरे?

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. पशुवैद्य दिसताच ती अजूनही पाण्यात जाते, बहुधा त्या फासाच्या आठवणीने. काही आठवडे त्यांनी तपासणी न करता, केवळ स्वतः चिमट्याने मासळी द्यावी का?