‘उच्च कार्यक्षम’ की ‘दमदार’? तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची शब्दचर्चा

मूळ प्रश्न

मी गाड्यांविषयीचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते. सध्या हातात टोयोटाच्या जीआर यारिसवरचा लेख आहे. १६१८ सीसी, तीनच सिलिंडर, एक टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र). २०२० साली गाडी आली तेव्हा युरोपात ताकद २६१ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३६० न्यूटन-मीटर. पहिल्याच वाक्यात अडले. ‘हाय परफॉर्मन्स’ला काय म्हणायचं? बहुतेक ठिकाणी ‘उच्च कार्यक्षमतेचे इंजिन’ असं छापलेलं दिसतं. ते लिहिताना हात थांबतो, पण नेमकं काय खटकतंय ते मला मांडता येत नाही. ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ (टर्बोविना चालणारं) आणि ‘टर्बो लॅग’ (पाय दाबल्यावर टर्बोला लागणारा उशीर) यांनाही मराठीत बोलताना सहज येईल असं काही आहे का?

प्रतिसाद

ताई, हात थांबतोय ते योग्यच आहे. ‘कार्यक्षमता’ हा शब्द आपण शाळेच्या विज्ञानापासून ‘एफिशियन्सी’साठी वापरतो. इंधनात जेवढी ऊर्जा होती त्यातली किती कामी आली आणि किती उष्णता होऊन वाया गेली, याचा तो हिशेब. परफॉर्मन्सचा प्रश्न वेगळा आहे: गाडी किती जोर लावते आणि किती झटकन वेग घेते. १९८३ ची मारुती ८०० आठवा. तिचंही इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारं ते इंजिन होतं, पण त्याला हाय परफॉर्मन्स कुणी म्हटलं नाही.

या इंजिनांच्या बाबतीत हा गोंधळ जास्त नुकसान करतो, कारण छोट्या टर्बो इंजिनात दोन्ही गुण एकत्र नांदतात. फोर्डच्या २०१८ च्या फिएस्टा एसटीमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन आहे. संथ चालवताना ते तीनपैकी एक सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवतं. ही कार्यक्षमता. पाय पूर्ण दाबला की तेच इंजिन २०० पीएस देतं. हा परफॉर्मन्स. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर त्या गाडीबद्दल सांगण्यासारखं जे आहे तेच वाक्यातून निसटतं.

माझं मत स्पष्ट आहे: ‘दमदार’ लिहा.

प्रतिसाद

दमदार? पाऊस दमदार, क्रिकेटपटूचं पुनरागमन दमदार, भाषण दमदार. इतका हाताळून झालेला शब्द तांत्रिक लेखात चालेल का? ‘उच्च कामगिरीचे’ निदान नेमकं तरी वाटतं.

प्रतिसाद (वरच्याला)

शब्द सगळीकडे वापरला जातो हे खरं. पण बाकीच्या ठिकाणी तो लक्षणेने येतो, इथे मूळ अर्थाने लागू पडतो. ‘दम’ हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा मूळ अर्थ श्वास. दम लागणे, दमछाक, गायकाचा दमसास ही सगळी त्याच घरातली मंडळी.

आता इंजिनाकडे पाहा. पेट्रोलचा एक भाग नीट जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त फवारणं सोपं आहे, अडतं ते हवेपाशी. दट्ट्या (पिस्टन) खाली गेला की वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच मिळते. म्हणून सिलिंडर लहान आणि तीनच असतील तर इंजिनाचा श्वासच लहान. टर्बो हवा दाबून आत कोंबतो आणि तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. इंजिनाचा दम वाढतो, शब्दशः. ‘उच्च कामगिरी’ ऐकून यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ही यातूनच सुटतं. अ‍ॅस्पिरेटेडमध्ये श्वासच आहे. ‘स्वतःच्या दमावर चालणारं इंजिन’ म्हणा. पूर्ण वाक्यात ते सहज बसतं.

प्रतिसाद

माझे आजोबा लोहारकाम करायचे, त्यामुळे टर्बोची माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भाताच आठवला. भट्टीत वारा घालून आग भडकवायची, तत्त्व तेच. फरक एवढाच की भात्याला माणूस लागतो. सुपरचार्जरचा भाता इंजिन स्वतः पट्ट्याने ओढतं, म्हणजे थोडी ताकद त्यातच खर्ची पडते. टर्बोचा भाता मात्र भट्टीतून निघून जाणारा धूरच फिरवतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं ते या कल्पनेचं. वाया जाणाऱ्या धुराला पुन्हा कामाला लावायचं, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

‘टर्बो’साठी मराठी शब्द शोधत बसू नका, तो आता आपलाच आहे. पण त्याचा अर्थ माहीत असावा. लॅटिनमध्ये टर्बो म्हणजे गरगर फिरणारं काहीही: वावटळ, आणि मुलं खेळतात तो भोवरासुद्धा. आपल्या ‘भोवरा’ शब्दातही पाण्यातलं गरगरणं आणि दोरीने फिरवायचं खेळणं असे दोन्ही अर्थ आहेत.

प्रतिसाद

मी चिंचवडला गॅरेज चालवतो. आमच्याकडे ‘टर्बो लॅग’ कुणी म्हणत नाही. गिऱ्हाईक सांगतं, “टर्बो उशिरा लागतो,” किंवा “खालून उचल नाही.” टर्बो ‘लागणं’ हे क्रियापद लेखात जरूर घ्या. गिअर लागतो, ब्रेक लागतो, तसा टर्बो लागतो. ‘उचल’ही चांगला शब्द आहे, पण ऊसतोडीच्या भागातल्या वाचकाला आधी मुकादमाकडची आगाऊ रक्कम आठवेल, म्हणून ‘गाडीची उचल’ असं लिहा. टॉर्कला टॉर्कच ठेवा. पाना टॉर्कचा असतो, त्याला पीळ म्हटलं तर माझा पोरगा भलतंच काही आणून देईल. वाक्यात समजावायचं असेल तर ‘ओढ’ म्हणा: घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी ओढते ती टॉर्कच्या जोरावर.

प्रतिसाद

दादांच्या ‘उशिरा लागतो’ला जोडून आणखी एक: दम खाणे. “जरा दम खा” म्हणजे थोडं थांब. टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं. इंजिन संथ असताना धूर कमी, त्यामुळे चाकही मंद. पाय दाबल्यावर ते वेग घेईपर्यंत जो क्षण जातो, तेव्हा गाडी दम खाते आणि मग सुटते. फक्त ‘दम भरणे’ लिहू नका, त्याचा अर्थ धमकावणे.

तीन सिलिंडरचा इथे एक खरा फायदा आहे, तो लेखात यायलाच हवा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे ७२० अंशांचं. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक स्फोट, तीन असतील तर दर २४० अंशांनी. चारमध्ये एका सिलिंडरचा धूर बाहेर पडत असतानाच दुसऱ्याची झडप उघडते आणि झोत एकमेकांना अडवतात. म्हणून तिथे टर्बोकडे जाणारी वाट दुपदरी करतात. तीनमध्ये झोतांना एकमेकांपासून पुरेसं अंतर मिळतं, साधा एकपदरी टर्बोही चटकन लागतो. तीन सिलिंडर म्हणजे नुसती काटकसर, हा समज यारिसच्या इंजिनाने पुसला.

स्वीडनच्या कोनिगसेगने २०२० मध्ये जेमेरा या गाडीसाठी दाखवलेलं इंजिन तर दोन लिटर, तीन सिलिंडर, दोन टर्बो आणि ६०० अश्वशक्ती असं आहे. त्याला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडाच नाही. प्रत्येक सिलिंडरला धुराच्या दोन झडपा, एक एका टर्बोकडे जाणारी आणि दुसरी दुसऱ्याकडे. कमी वेगात सगळा धूर एकाच टर्बोला द्यायचा, म्हणजे दम खाणं कमी. त्याचं नाव ‘टायनी फ्रेंडली जायंट’. मी त्याला ‘छोटासा मायाळू राक्षस’ म्हणेन.

प्रतिसाद

सावधगिरीची एक सूचना: पीएस आणि एचपी दोन्हींना डोळे झाकून ‘अश्वशक्ती’ लिहू नका. पीएस हा जर्मन घोडा, ७३५.५ वॅटचा. ब्रिटिश घोडा ७४५.७ वॅटचा. म्हणून तुमचे २६१ पीएस एचपीत मोजले तर २५७ होतात. एका लेखात एकच एकक ठेवा, किंवा किलोवॅटमध्ये द्या: १९२.

आणि ‘थरथर’ व ‘डोलणं’ वेगळं ठेवा. तीन सिलिंडरमध्ये दट्ट्यांचे वर-खाली जोर एकमेकांना खोडतात, पण टोकाच्या दोन दट्ट्यांमुळे इंजिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे डोलतं. उभ्या गाडीत स्टिअरिंगला जाणवते ती थरथर मुख्यतः स्फोटांमधल्या लांब अंतराची. नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओ गाडीच्या १.२ लिटर इंजिनांबद्दल लोक लिहितात तेव्हा दोन्हींना ‘व्हायब्रेशन’ म्हणून मोकळे होतात.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पहिलं वाक्य असं झालंय: ‘तीनच सिलिंडर, पण टर्बो लागला की २६१ पीएसचा जोर; जीआर यारिसचं इंजिन छोटं आहे आणि दमदार आहे.’ ‘कार्यक्षमता’ मी मायलेजच्या परिच्छेदासाठी राखून ठेवली. फक्त ‘सिलिंडरचं’ की ‘सिलिंडरांचं’ यावर संपादकांशी वाद चालू आहे.

प्रतिसाद

‘सिलिंडरचं’ ठेवा. आपण ‘तीन खोल्यांचं घर’ म्हणतो, पण ‘पाच लिटरचा कॅन’ आणि ‘चार गिअरची गाडी’ही म्हणतो. संपादकांना गॅरेजवाल्या दादांकडे पाठवा.