पल्सर १५० साठी मागचा टायर १०० चाच ठेवावा की १२० चा घ्यावा?

तळ्याकाठचा:
नमस्कार. माझ्याकडे दहा वर्षांची पल्सर १५० आहे आणि तिच्या मागच्या टायरचे मूळ माप १००/९०-१७ आहे. टायर आता इतका झिजला आहे की खाचांमधील टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, उंचवटे वरच्या रबराच्या पातळीला आले आहेत. मी रोज मयेहून चोडणची फेरीबोट घेऊन पणजीला जातो. गेल्या आठवड्यात रायबंदरला उतरताना फेरीच्या ओल्या लोखंडी पत्र्यावर मागचे चाक सरकले. आम्ही पडलो नाही, परंतु मागे बसलेल्या पत्नीने पुढचा सगळा रस्ता माझ्याशी बोलणे टाळले. १२०/८०-१७ बसवल्यास पकड वाढेल, असे दोन मित्र सांगतात. माझी मर्यादा अडीच हजार रुपयांची असून चतुर्थीपूर्वी काम उरकायचे आहे. कृपया अनुभव सांगावेत.

फोंड्याचा बुलेटवाला:
१२० पेक्षा कमी रुंदीचा विचारही करू नये. माझ्या क्लासिक ३५० ला मागे १२०/८०-१८ आहे आणि भर पावसात चोर्ला घाट चढताना गाडी एकदाही डगमगलेली नाही. मूळ टायर चांगल्या स्थितीत असतानाच मी तो काढून साडेसहा हजारांचा टायर घातला आणि त्या खर्चाचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. जीव वाचवणाऱ्या वस्तूवर हात आखडता घेऊ नये.

तळ्याकाठचा:
आभारी आहे. मर्यादा अडीच हजारांची आहे.

चिरेखाण:
मी नेमकी हीच चूक केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या पल्सर १५० ला मी १२०/८० बसवला. एकटा असताना काही जाणवत नसे, पण मागे कोणी बसले आणि खड्डा आला की टायर चेनकव्हरला घासल्याचा आवाज येई. मेकॅनिकने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे चेनकव्हरच काढून टाकणे. आमच्या भागात पावसाळ्यात तांबडा चिखल आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ, त्यामुळे उघडी चेन एका हंगामातच खराब झाली आणि दोन्ही स्प्रॉकेटांसह नवा संच घ्यावा लागला. लिटरमागे तीन किलोमीटर कमी झाले ते वेगळेच. गाडी मागून भरदार दिसते, हे मात्र मान्य करावे लागेल.

एफझी मडगाव:
इथे सर्वजण १२० वर का अडले आहेत, हे मला समजत नाही. माझ्या यामाहा एफझीला कंपनीनेच १४०/६०-१७ दिला आहे आणि रिमही १७ इंचांचेच आहे, म्हणजे तो टायर पल्सरलाही बसायला हवा.

निवृत्त गॅरेजवाला:
बसवला म्हणजे बसला असे होत नाही. १७ हा रिमचा व्यास झाला, रुंदी नव्हे. २००८ साली एफझी आली तेव्हा तिला १४० च्या मापाचे रुंद रिमही दिलेले होते. पण तिच्याकडे पाहून अनेकांनी आपल्या अरुंद रिमांवर तसले टायर चढवून घेतले आणि ते उतरवण्याचे काम पुढे दोन वर्षे माझ्याकडे येत राहिले.

मुद्दा असा की टायर रिमच्या मानाने फार रुंद असला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा गोल होतो. मग सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा रुंद होण्याऐवजी उलट अरुंद होतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच पदरात पडत नाही. १४० ला साधारण चार इंच रुंदीचे रिम लागते, १२० ला अडीच ते तीन इंचांचे. आपल्या रिमवर रुंदीचा आकडा कोरलेला असतो, तो चाक पुसून आधी वाचावा.

आता उंचीचा हिशेब. १००/९० मध्ये १०० ही मिलिमीटरमधील रुंदी आणि ९० ही त्या रुंदीच्या टक्क्यांत मोजलेली बाजूची उंची, म्हणजे ९० मिलिमीटर. ती दोन्हीकडून धरून रिमसह चाकाचा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर होतो. १२०/८० चा तोच हिशेब ६२४ वर जातो. चाक दोन टक्क्यांनी मोठे झाले की गाडी तेवढी जड ओढते. चिरेखाण यांचे तीन किलोमीटर काही अंशी तिथेच गेले असावेत, उरलेले टायरच्या वाढीव वजनात आणि घर्षणात. मूळ माप ठेवावे आणि पैसे चांगल्या रबरावर घालावेत.

फोंड्याचा बुलेटवाला:
हिशेब कागदावर ठीक आहे, परंतु घाटात कागद चालत नाही. रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हे उघड आहे.

निवृत्त गॅरेजवाला:
घाटात आपला १२० चालतो, कारण आपल्या गाडीचे रिम आणि वजन त्याला साजेसे आहे. रस्त्याला किती रबर टेकते हे मुख्यतः वजनावर आणि हवेच्या दाबावर ठरते. रुंदी वाढवली की तो भाग आडवा पसरतो, पण लांबीत आखूड होतो. शेवाळलेल्या ओल्या लोखंडावर तर १४० लावा की २४०, फरक पडणार नाही.

काणकोणचा प्रवासी:
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे कोणीच लक्ष वेधलेले नाही. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत आणि अपघातानंतर विमा कंपनी असेच काही शोधत असते. शिवाय फेरीबोट हवीच कशाला? म्हापशामार्गे पुलावरून जावे.

चिरेखाण:
पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, म्हणून पुलावर जायचे तर खालच्या मांडवी पुलावरील गर्दीतूनच जावे लागते. आणि टायरच्या रुंदीवरून कोणाचा विमा नाकारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

म्हापशाचा पायलट:
पिवळ्या मडगार्डची गाडी, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, चालवून मी पोट भरतो, त्यामुळे माझा मागचा टायर तुमच्यापेक्षा लवकर झिजतो. रुंदीचा वाद आपण चालू ठेवावा, मी दोनच गोष्टी सांगतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दुकानात पडून वाळलेला टायर कितीही नवा दिसला तरी घेऊ नये. दुसरे म्हणजे मागच्या चाकात हवा एकट्याला २८ आणि मागे माणूस असल्यास ३२ पीएसआय ठेवावी. फेरीच्या पत्र्यावर मागचा ब्रेक दाबू नये आणि हँडल वळवू नये.

एफझी मडगाव:
माझे मत अजूनही १४० कडेच आहे.

तळ्याकाठचा:
सर्वांचे आभार. रिमवरील आकडा वाचला आणि १२० चा विचार सोडला. शुक्रवारी मूळ मापाचाच टायर घेण्यासाठी म्हापशाला गेलो. दुकानात १००/९० चा एकच टायर होता आणि त्यावरील चार आकड्यांवरून तो तीन वर्षांपूर्वीचा निघाला. दुकानदार म्हणाले की तारखेकडे कोणी पाहत नाही. त्याच कंपनीचा ११०/८०-१७ मात्र दोन महिन्यांपूर्वीचा होता. गॅरेजवाल्यांच्या रीतीने तिथेच हिशेब केला, तर व्यास ६०८ आला, म्हणजे मूळ टायरपेक्षा फक्त चार मिलिमीटर कमी. दुकानदारांकडच्या तक्त्यात माझ्या रिमची रुंदी ११० ला चालते असे दिसले. हे माप इथे कोणीही सुचवले नव्हते, तरी मी तोच बसवून घेतला, दोन हजार तीनशे रुपयांत. चेनकव्हरपाशी माझे बोट सहज जाते आणि पत्नीला मागे बसवून गतिरोधकावरून गाडी नेली तेव्हाही घासल्याचा आवाज आला नाही.

निवृत्त गॅरेजवाला:
मी असतो तर दुसऱ्या दुकानात जाऊन १००/९० च शोधला असता. तरी घेतलेला टायर वाईट नाही.

म्हापशाचा पायलट:
नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो, तो झिजेपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नये आणि फेरीवर तर विशेष जपावे.

तळ्याकाठचा:
हा आठवडा आम्ही म्हापशामार्गेच जात आहोत.