मदत हवी आहे: ‘यूथ ऑफ मे’नंतर ग्वांगजूबद्दल काय वाचू?

मंडळी, ‘यूथ ऑफ मे’ ही कोरियन मालिका (केबीएस वाहिनी, २०२१, १२ भाग) पाहून संपवली. १९८० च्या मे महिन्यातलं दक्षिण कोरियातलं ग्वांगजू शहर, वैद्यकीचा विद्यार्थी ही-ते आणि नर्स म्योंग-ही. शेवटच्या भागांत फार जीव तुटला.

१७ मे रोजी जनरल चुन दू-ह्वानच्या लष्करी गटाने मार्शल लॉ (लष्करी अंमल) देशभर लागू केला, १८ ला छत्रीधारी सैनिक विद्यार्थ्यांवर तुटून पडले, २७ ला पहाटे सैन्याने प्रांतीय कार्यालय परत घेतलं, एवढं कळलं. पण २१ ला सैन्य मागे हटल्यावर लोकांनी शहर कसं सांभाळलं? रक्तदान, रस्त्यावर रांधलेलं जेवण... त्या दिवसांबद्दल सविस्तर कुठे वाचता येईल? आईलाही द्यायचंय, म्हणून मराठीत काही असेल तर आधी तेच सांगा.

आणि अशीच दुसरी मालिका? राजवाड्यातली कारस्थानं नकोत, साधी माणसं हवीत.