मदत हवी आहे: सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने भलत्याच स्कूटरचं चलन माझ्या नंबरवर टाकलंय

चलन हेल्मेट नसल्याचं आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम 194 डी, दंड 1000 रुपये. ठिकाण पणजीजवळचा सिग्नल. या कलमात 3 महिने लायसन्स अपात्र ठरण्याचीही तरतूद आहे, त्यामुळे पैसे भरून मोकळं व्हायची माझी तयारी नाही. भरले तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

ई-चलन पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकून फोटो उतरवून घेतला. फोटोत काळी स्कूटर, माझी पांढरी मोटरसायकल. मोठा करून पाहिलं तर पाटीवरच्या 3 च्या डाव्या बाजूला तांबडा चिखल बसलाय. कॅमेऱ्याने तो 8 वाचला. बाकी सगळे आकडे जुळतात. म्हणजे नंबरप्लेटची नक्कल नाही, चुकीचं वाचनच आहे. पावसात हे होणारच, पण चलन पाठवण्याआधी गाडीचा प्रकार आणि रंग कोणीतरी माणसाने ताडून बघायलाच हवा.

पोर्टलवर तक्रार टाकली. सोबत आरसीची प्रत, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि चलनातल्या फोटोवर आकड्याभोवती गोल. 3 आठवडे झाले, स्थिती 'प्रलंबित'. मोटरसायकलला फास्टॅग नसतो, त्यामुळे त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा नाही.

पुढच्या महिन्यात गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची आहे. तक्रार प्रलंबित असतानाच चलन व्हर्च्युअल कोर्टात (चलनांसाठीच्या ऑनलाइन न्यायालयात) गेलं, तर तिथे दंड न भरता खटला लढवण्याचा पर्याय निवडायचा, की आधी वाहतूक कक्षात लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची? गोव्यात असं चलन कोणी रद्द करून घेतलंय का, आणि कुठल्या कागदावर?